धूर नसलेल्या उद्योगाचा धूर

चवथीच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. जेवणं आटोपली होती आणि आम्ही चार-पाच जण सोप्यावर सुपारी कातरत बसलो होतो. विषय निघाला आमच्या खाजनाचा. नदीकाठची ही शेतं भरतीच्या पातळीच्या खाली असतात, बांध असतो म्हणून ती शेतं. बांध गेला की ती खाडीच. माझ्या लहानपणी बांधावरून पाणी आलं तर गावभर बातमी व्हायची. आता अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला खारं पाणी आत येतं आणि कुणी उठूनही बघत नाही. त्यात आमचा आळस आहेच, बांधाची वेळच्या वेळी डागडुजी कोण करतो? पण समुद्रही वर येतो आहे, हेही खोटं नाही.

माझा पुतण्या बंगळूरला एका मोठ्या संगणक कंपनीत आहे. हुशार मुलगा. तो म्हणाला, "काका, तू उगीच काळजी करतोस. हवामानबदलाचं उत्तर आता एआय शोधून काढणार. पाच-दहा वर्षांचा प्रश्न आहे."

मी गप्प बसलो. वाचकहो, मी सहसा गप्प बसत नाही. पण त्या दिवशी बसलो, कारण त्याच्या तोंडून मला माझाच जुना आवाज ऐकू आला.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. त्यानंतरच्या एका ग्रामसभेत मी उठून एक छोटंसं भाषण ठोकलं होतं. "खाण नको, आयटी आणा. धुराडं नाही, धूळ नाही, ट्रक नाहीत, लाल झालेली तळी नाहीत. एक खोली, एक संगणक आणि आमची शिकलेली पोरं. हा धूर नसलेला उद्योग आहे!" टाळ्या पडल्या. सरपंचांनीही वाजवल्या. आज त्या टाळ्या मला परत कराव्याशा वाटतात. आयटी वाईट आहे म्हणून नव्हे. मी अर्धंच बोललो होतो म्हणून. धूर होताच. फक्त त्याचा पत्ता गोव्याबाहेरचा होता.

गोवा स्वतःची वीज जवळजवळ बनवतच नाही. आमच्या वाट्याची वीज कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा ठिकाणच्या औष्णिक केंद्रांतून येते. म्हणजे माझ्या टेबलावरचा दिवा छत्तीसगडातल्या कोळशावर जळतो. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशापासून होते आणि सरासरीने एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २०२० साली मोलेच्या रानातून जाणारी वीजवाहिनी आणि रेल्वेचं दुपदरीकरण यांच्याविरुद्ध आमची तरुण पोरं पेटून उठली. १ नोव्हेंबरच्या रात्री चांदरला हजारो माणसं रुळांवर जाऊन बसली. त्या वीजप्रकल्पाच्या नावातलं 'तमनार' हे गाव कुठलं आहे? छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातलं, कोळशाच्या मुलखातलं. गोव्याची विजेची भूक वाढते आहे म्हणून ही वाहिनी हवी, असं आम्हाला सांगितलं गेलं. त्या भुकेत माझ्या 'धूर नसलेल्या' उद्योगाचाही घास असणारच, याचा विचार ग्रामसभेत टाळ्या घेताना मी केला नव्हता.

'क्लाऊड' हा शब्दच बघा ना. ढग! जणू आपले फोटो, पत्रं, बँकेचे हिशेब वर आभाळात कापसासारखे तरंगत आहेत. हा ढग बघायचा असेल तर ठाण्याहून ऐरोली, रबाळे, महापे या बाजूला एक चक्कर मारा. खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती, मागे रांगेने डिझेल जनरेटर, छपरावर गार करणाऱ्या यंत्रांची घरघर. देशातल्या डेटा सेंटरांचा मोठा भाग मुंबई आणि नवी मुंबईत एकवटलेला आहे. आणि महाराष्ट्राच्या ग्रिडमध्ये वीज ओतणाऱ्या केंद्रांत चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. चंद्रपूरच्या माणसाला विचारा, ढगाचा रंग कुठला असतो ते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ साली हिशेब मांडला. जगातल्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून जास्त होऊन ९४५ अब्ज युनिटांवर जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. जपानसारखा देश आज सगळा मिळून जेवढी वीज वापरतो त्याहून किंचित जास्तच. पुतण्या म्हणतो, "दीडच टक्का ना!" बरोबर आहे. पण हा दीड टक्का जगभर सारखा पसरलेला नाही. आयर्लंडमध्ये २०२३ साली मोजलेल्या एकूण विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरांनी खाल्ली. शहरी भागातल्या सगळ्या घरांनी मिळून वापरली त्याहून जास्त. जिथे ही केंद्रं उतरतात तिथे ती सरासरीने उतरत नाहीत, अंगावर उतरतात.

आता आश्वासनांकडे येऊ. 'आम्ही पृथ्वी वाचवू' ही काही एआयच्या काळातली नवी घोषणा नाही. २००८ साली या उद्योगाच्याच एका जागतिक संघटनेसाठी 'स्मार्ट २०२०' नावाचा अहवाल तयार झाला. माहिती तंत्रज्ञानाच्या वापराने २०२० पर्यंत जगाचं उत्सर्जन १५ टक्क्यांनी कमी करता येईल, असं त्यात म्हटलं होतं. वीजजाळी हुशार होईल, इमारती हुशार होतील, ट्रक रिकामे धावणार नाहीत, बैठका पडद्यावर होतील. त्यातल्या बऱ्याच गोष्टी झाल्यासुद्धा! आणि उत्सर्जन? कोळसा, तेल आणि वायू जाळून २००८ साली जगाने हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे ३२ अब्ज टन होता. २०१९ साली तो सुमारे ३७ अब्ज टन झाला. या वाढीचं सगळं खापर संगणकांच्या माथी फोडायचं नाही, ते अन्यायाचं होईल. पण 'आमच्यामुळे घटेल' म्हणणाऱ्याला 'का घटलं नाही?' एवढं विचारायचा हक्क आहे की नाही? त्याचं उत्तर आलं नाही. २०१५ साली त्याच संघटनेचा नवा अहवाल मात्र आला. आता म्हणे २०३० पर्यंत २० टक्के. तारीख दहा वर्षांनी पुढे आणि टक्केवारी पाचने वर. आमच्याकडे उधारी अशी वाढवत नेणाऱ्याला पोसरकार दारात उभा करत नाही.

मग कंपन्यांनी स्वतःबद्दल शपथा घेतल्या. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की २०३० पर्यंत आम्ही सोडतो त्याहून जास्त कार्बन हवेतून काढून घेऊ. गूगलने त्याच वर्षी सांगितलं की २०३० पर्यंत चोवीस तास, बाराही महिने कार्बनविरहित विजेवर चालू. चांगलं झालं. शपथ घेणाऱ्याची मी टिंगल करत नाही. पण २०२४ साली या दोघांनी स्वतःच प्रसिद्ध केलेले आकडे वाचा. मायक्रोसॉफ्टचं उत्सर्जन २०२० च्या तुलनेत सुमारे २९ टक्क्यांनी वाढलेलं. गूगलचं २०१९ च्या तुलनेत ४८ टक्क्यांनी. कारण? नवी डेटा सेंटरं, त्यांचं लोखंड-सिमेंट, त्यांतल्या चिप्स आणि त्यांची वीज. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांनी वॉशिंग्टनच्या एका परिषदेत जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा : हवामानाची उद्दिष्टं आपण तशीही गाठणार नाही, तेव्हा एआयला लगाम घालण्यापेक्षा तेच प्रश्न सोडवील यावर पैज लावलेली बरी.

पैज! पण पैजेवर लावलेलं शेत कुणाचं आहे, साहेब?

आणि वर दिलेले आकडेसुद्धा बऱ्यापैकी सौम्य केलेले असतात. ते कसं, हे समजून घ्यायला हवं. कंपनी मुंबईत कोळशाची वीज वापरते. दुसरीकडे कुठेतरी, दुसऱ्याच वेळी, कुणीतरी सौर किंवा पवनवीज बनवतो आणि त्याचं प्रमाणपत्र विकतो. कंपनी ते प्रमाणपत्र विकत घेते आणि वहीत लिहिते, 'आमची वीज हिरवी.' कायद्याने हे चुकीचं नाही, हिशेबाची ती मान्य पद्धत आहे. पण मला विचाराल तर हे असं झालं : एकादशीला मी भरपेट सुंगटांचं हुमण ओरपावं, शेजारच्या गावातल्या भटजींना माझ्या नावाने उपास करायला दक्षिणा द्यावी, आणि संध्याकाळी देवळात जाऊन सांगावं की आज मी निरंकार होतो. ब्रिटनच्या 'गार्डियन' वृत्तपत्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ही पुटं खरवडून पाहिली. गूगल, मायक्रोसॉफ्ट, मेटा आणि ॲपल यांच्या स्वतःच्या डेटा सेंटरांचं २०२० ते २०२२ मधलं खरं उत्सर्जन जाहीर आकड्यांच्या साडेसात पटींहून जास्त असावं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

एक बाजू आणखी आहे, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. या कंपन्यांचे गिऱ्हाईक कोण? २०१९ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्ट आणि एक्सॉनमोबिल यांचा करार झाला. अमेरिकेतल्या पर्मियन खोऱ्यात क्लाऊड आणि डेटा वापरून २०२५ पर्यंत दिवसाला ५०,००० बॅरलपर्यंत जादा उत्पादन काढता येईल, असं त्या घोषणेतच अभिमानाने लिहिलेलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच मायक्रोसॉफ्टने कार्बनची शपथ घेतली. एका हाताने विहिरीत खडे टाकायचे आणि दुसऱ्या हाताने पाणी गाळायचं यंत्र विकायचं! पण या उद्योगातली माणसं आंधळी नाहीत, हेही इथेच सांगायला हवं. त्याच २०१९ साली ॲमेझॉनच्या ८,७०० हून अधिक कर्मचाऱ्यांनी आपल्याच मालकाला जाहीर पत्र लिहिलं की तेल कंपन्यांसाठी तेल शोधायची साधनं बनवणं थांबवा. त्या वर्षी २० सप्टेंबरला त्यांतले कित्येक काम सोडून रस्त्यावर आले. २०२० मध्ये गूगलने तेल-वायू काढण्यासाठी खास एआय बनवणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे करता येतं. मनात असेल तर येतं.

पुतण्याचा पुढचा मुद्दा नेहमीचाच होता : "काका, यंत्रं दरवर्षी कमी वीज खायला लागली आहेत. एआयला एक प्रश्न विचारायला किती वीज लागते माहीत आहे?" माहीत आहे. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्या एआयला विचारलेल्या साध्या लेखी प्रश्नामागे ०.२४ वॉट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये चार हजारांहून जास्त प्रश्न. मी हा आकडा नाकारत नाही. पण त्याच गूगलच्या डेटा सेंटरांची वार्षिक वीज २०२० साली सुमारे १४ अब्ज युनिट होती आणि २०२४ साली सुमारे ३१ अब्ज झाली. घोट लहान झाला, पण हंडा दुप्पट रिकामा होतो. यात नवल काहीच नाही. विल्यम जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं आहे : वाफेचं इंजिन काटकसरी झालं की कोळसा कमी जळत नाही, जास्तच जळतो, कारण मग इंजिन दहा नव्या ठिकाणी परवडू लागतं. काटकसर ही मर्यादेबरोबर आली तरच काटकसर. नाहीतर ती नुसती स्वस्ताई.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, हा म्हातारा तंत्रज्ञानाचा वैरी आहे. नाही हो! खाजनाच्या तोंडाला आमच्या पूर्वजांनी बसवलेली मानस बघितली आहे का? भरतीचं पाणी रेटलं की तिचं लाकडी दार आपोआप बंद होतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतं. ना मोटर, ना वीज. ते तंत्रज्ञानच आहे. आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्यावरून गेलं तेव्हा आमच्या गावात झाडं पडली, दिवसेंदिवस काळोख होता, पण वादळ येणार हे आधी कळलं होतं. ते उपग्रह आणि संगणक यांच्यामुळे. २०२५ च्या खरिपात केंद्र सरकारने एआयच्या मदतीने केलेले मोसमी पावसाच्या आगमनाचे अंदाज सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवले. त्यामागच्या मॉडेलांपैकी एक गूगलचं होतं. पेरणी आठ दिवस पुढे ढकलावी की नाही, हे ज्याला ठरवायचं असतं त्याला विचारा त्या निरोपाची किंमत. या कामाला माझा नमस्कार आहे.

पण हे काम आणि बाकीचा पसारा एकाच पंगतीत बसवू नका. पावसाचा अंदाज सांगणारं मॉडेल दाखवायचं आणि त्याच्या आडून जाहिराती, रील्स, करोडो निरर्थक चित्रं यांची वीज पास करून घ्यायची, ही लबाडी आहे. देवाच्या नावाने आणलेला नारळ, आणि खोबरं सगळं पुजाऱ्याच्या घरी!

विजेचंच कशाला, वस्तूंचं बघा. गेल्या वर्षी माझ्या फोनची बॅटरी उतरायला लागली. बाकी फोन उत्तम. दुकानात गेलो, तर तिथला मुलगा म्हणाला, "अंकल, ही चिकटवलेली असते. काढताना पडदा गेला तर आमची जबाबदारी नाही. त्यापेक्षा नवा घ्या, एक्सचेंजमध्ये देतो." स्मार्टफोनच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनाचा बहुतेक भाग तो वापरताना नव्हे, बनवतानाच झालेला असतो. म्हणजे पृथ्वीसाठी मला करता येण्याजोगी सगळ्यात मोठी गोष्ट होती तोच फोन आणखी चार वर्षं वापरणं. आणि नेमकी तीच गोष्ट मला करता येऊ नये अशी त्याची रचना होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यापायी सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने आधीच दिला होता. न बिघडलेले, चालते संगणक! संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीप्रमाणे २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. ज्यांना कार्बनवर तोडगा काढायचा आहे त्यांना बॅटरी स्क्रूने बसवता येत नाही?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : या उद्योगाने जग वाचवायच्या आधी स्वतःचा मीटर दाखवावा.

पहिलं, प्रत्येक डेटा सेंटरने आपण कुठल्या गावात, किती युनिट वीज आणि किती लिटर पाणी वापरलं ते जाहीर करावं. जगाची बेरीज नको, जागेचा आकडा हवा. युरोपीय संघाने ५०० किलोवॅटच्या वरच्या केंद्रांना अशी माहिती देणं सक्तीचं केलं आहे. आपल्याकडे का नको? दुसरं, हिरव्या विजेचा हिशेब त्याच ग्रिडवर आणि तासातासाने व्हावा. हे अशक्य नाही. आपल्या प्रत्येक क्लाऊड विभागात किती टक्के वीज कार्बनविरहित आहे ते गूगल या पद्धतीने सांगतच असते. जे एकाला जमतं ते सगळ्यांना जमेल. तिसरं, वस्तू दुरुस्त होईल अशीच विकावी. फोनसारख्या वस्तूंची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे, असा कायदा युरोपने केला आहे आणि तो फेब्रुवारी २०२७ पासून लागू व्हायचा आहे. त्याच कंपन्या तिथे एक आणि इथे एक असं वागणार असतील, तर आपण गप्प का बसायचं?

आणि चौथं आपल्यासाठी. उद्या गोव्यात कुठल्या पंचायतीत 'धूर नसलेला उद्योग' जागा मागायला आला, तर टाळ्या वाजवायच्या आधी तीन प्रश्न विचारा. वीज किती? ती कुठून? आणि पाणी कुणाच्या वाट्याचं? उत्तरं नीट मिळाली तर खुशाल जागा द्या, मीच नारळ फोडायला येईन. माझ्या त्या ग्रामसभेतल्या भाषणात हे तीन प्रश्न नव्हते. तेव्हाची चूक म्हणून आज एवढं लांबण लावलं.

खाजनाचा एक जुना रिवाज आहे. बांधाच्या आतल्या भातावर ज्याचा हक्क, त्याने बांध राखायला हातभार लावायचा. शेत मोठं, वाटा मोठा. नुसतं बांधावर उभं राहून 'इथून पाणी येतंय, तिथून पाणी येतंय' असं अचूक सांगणाऱ्याला भात मिळत नसे. त्यालाही माती उचलावी लागे.

चवथ संपवून पुतण्या परत गेला. जाताना मी त्याला एकच काम सांगितलं : तुझ्या कंपनीचं मुंबईचं केंद्र वर्षाला किती युनिट वीज वापरतं, तेवढं विचारून कळव. त्याने खरंच विचारलं. उत्तर म्हणून त्याला पर्यावरण अहवालाची एक प्रत आली. गुळगुळीत, रंगीत, पानोपानी हिरवी झाडं. त्याने ती मलाही पाठवली आणि खाली लिहिलं, "काका, सगळा वाचला. आकडा नाही."

मी त्याला लिहिलं, पुन्हा विचार.

तो विचारतो आहे.